पेटीतून गावोगाव पुस्तके धाडणारा राजा

महिन्यातून दोन-तीनदा तरी गावच्या शाळेत सभा घ्यायची वेळ येते. कधी बीजप्रक्रिया, कधी हुमणी, कधी माती परीक्षण. शेतकरी मंडळी जमेपर्यंत नजर इकडेतिकडे फिरते. अशाच एका शाळेत भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, त्याला भलंमोठं कुलूप. गुरुजींनी किल्ली शोधून उघडलं, तर आत गोष्टींची, विज्ञानाची कोरी करकरीत पुस्तकं. पुस्तक फाटलं, हरवलं तर तपासणीत जाब कोणी द्यायचा, ही गुरुजींची अडचण. ती काही खोटी नव्हती.

त्या दिवशी मला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आठवले. या अडचणीवर त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच तोड काढली होती.

सयाजीराव जन्माने राजपुत्र नव्हेत. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे त्यांचं गाव. १८६३ साली काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात ते जन्मले. पाळण्यातलं नाव गोपाळ. गायकवाड घराण्याशी नातं होतं, पण लांबचं. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना गादीवरून दूर केलं आणि महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याच्या मुलांतून त्यांनी गोपाळला निवडलं. शेतात वाढलेला बारा वर्षांचा हा पोरगा तेव्हा लिहिण्यावाचण्यात अगदीच कोरा होता. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्याचं शिक्षण सुरू झालं. उशिरा मिळालेल्या अक्षराची किंमत तो जन्मभर विसरला नाही.

१८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती आला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं. मध्ये १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ येऊन गेला. संस्थानातली माणसं आणि गुरं दोन्ही होरपळली. तरीही महाराजांनी माघार घेतली नाही. १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण साऱ्या संस्थानाला लागू झालं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. ज्याला शेतावर पोराच्या हाताची गरज, त्याला हा दंड जाचक वाटणारच. कुरकुर झाली, पण सक्ती टिकली.

पण एवढ्याने काम भागलं नाही. चार इयत्ता शिकलेलं पोर शाळा सुटली की नांगरामागे जायचं. घरात वाचायला काही नाही, गावात काही नाही. काही वर्षांत शिकलेलं सारं पुसून जायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पेरणी झाली, उगवणही झाली, पण पुढचं पाणीच मिळालं नाही. शाळेवर खर्च करायचा आणि वाचनाची सोय करायची नाही, म्हणजे खर्च वाया घालवायचा, हे महाराजांनी ओळखलं.

१९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले होते. तिथली सर्वांना खुली असलेली ग्रंथालयं त्यांनी पाहिली. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास बोलावून घेतलं आणि ग्रंथालयांचं स्वतंत्र खातंच उघडलं. राजवाड्यातली स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तिथे बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. ग्रंथपाल तयार करण्याचा वर्गही काढला. नुसती पुस्तकं आणून चालत नाही, ती हाताळणारा शिकलेला माणूस लागतो, हे त्यामागचं धोरण.

खेड्यांसाठीची योजना तर आजही अभ्यासावी अशी आहे. ग्रंथालयाला लागणाऱ्या पैशातला एक हिस्सा गावाने उभा करायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा आणि एक सरकारने. गावाने पदरचे पैसे घातले की ग्रंथालय गावाचं होतं, सरकारी राहत नाही. या कामी मोतीभाई अमीन या शिक्षकाने खेडोपाडी जिवाचं रान केलं. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालय शाळेतच असे आणि गुरुजीच ते सांभाळत. अशी शेकडो ग्रंथालयं उभी राहिली.

जिथे ग्रंथालय नाही तिथे फिरतं ग्रंथालय. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरून ती गावी जायची. वाचून झाली की परत यायची, तिच्या जागी दुसरी जायची. नेण्याआणण्याचा खर्च सरकारचा. पुस्तक फिरतं राहिलं तरच ते जिवंत, हा साधा हिशोब.

वाचायला सोपी पुस्तकं हवीत म्हणून त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाली. मराठीशी नातं कायम होतं. १९३२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले तेही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. पुढे १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

आज कायदा आहे, धोरणही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शाळेच्या ग्रंथालयावर भर आहे. पण नुसत्या अनुदानाने कपाट भरतं, कुलूप निघत नाही. महाराजांच्या योजनेत तीन गोष्टी होत्या: सांभाळणारा तयार माणूस, फिरतं पुस्तक आणि गावाचा वाटा. यातली एक जरी वगळली तरी पुस्तकं कपाटातच जुनी होतात.

म्हणून शेतकरी बंधूंनो, येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, गटार यांच्या जोडीला शाळेच्या कपाटाचाही विषय घ्या. फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई गाव करेल असा ठराव करा, म्हणजे गुरुजींच्या डोक्यावरचा भार उतरेल. शेजारच्या दोन गावांशी बोलून पुस्तकांची अदलाबदल करा. खर्च फार नाही. बियाणं घरात आलेलंच आहे, पोतं तेवढं सोडायचं आहे.