चिखल, थापटणं आणि गोरोबाकाका



आजच्या वाचनात गीतेचा पहिला अध्याय आहे. आपण तो भराभर उरकतो, कारण त्यात भगवंत जवळजवळ बोलतच नाहीत. पण त्याचं नाव बघा, अर्जुनविषादयोग. हातपाय गळालेल्या, धनुष्य खाली टाकलेल्या माणसाच्या अवस्थेलाही योग म्हटलंय. हे वाचताना मला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आठवतात.

तेर म्हणजे तेरणा नदीकाठचं फार जुनं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाने ते रोमपर्यंत माहीत होतं आणि तिथल्या मातीच्या वस्तू आजही गावातल्या संग्रहालयात बघायला मिळतात. अशा मातीच्या गावात परंपरेप्रमाणे १२६७ साली गोरोबांचा जन्म झाला. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. मडकी घडवायची, विकायची आणि विठ्ठलाचं नाव घ्यायचं, एवढाच दिनक्रम.

पुढची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय. संती पाण्याला गेली होती. गोरोबा डोळे मिटून नामात रंगले होते आणि पाय चिखल तुडवत होते. रांगतं बाळ त्या चिखलात आलं आणि बापाच्याच पायाखाली गेलं. संती परतली, तिने आकांत मांडला. भजन मोडलं म्हणून गोरोबा तिलाच मारायला धावले, तेव्हा तिने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, अंगाला हात लावायचा नाही. ती शपथ त्यांनी पाळली. वंश खुंटेल म्हणून संतीने आपली बहीण रामी हिच्याशी त्यांचं लग्न लावून दिलं. पण दोघींना सारखंच वागवा असं सासऱ्यांनी सांगितल्यामुळे शपथ रामीलाही लागू झाली. शेवटी एका रात्री दोघींनी त्यांचे हात झोपेतच आपल्या अंगावर घेतले. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून गोरोबांनी आपले हातच तोडले.

कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. महिपतीबुवांनी भक्तविजय १७६२ साली पूर्ण केला, म्हणजे गोरोबांच्या समाधीनंतर चारशेहून जास्त वर्षांनी. भक्ताची थोरवी सांगणं हा त्या ग्रंथाचा हेतूच आहे. पण तोडलेल्या हातांत मला निष्ठेबरोबर एका बापाचा अपराधभावही दिसतो, स्वतःला शिक्षा दिल्याशिवाय न शमणारा. आणि संतीचं काय? मूल तिचंही गेलं होतं. तिच्या रडण्यावर पहिली आली ती नवऱ्याची मारझोड. मला विचाराल तर या कथेतलं सगळ्यांत एकटं माणूस तीच.

आता विठोबा काय करतो ते बघा. उपदेश करत नाही. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं असलं काही तो बोलत नाही. तो मजूर होऊन घरी येतो, चिखल तुडवतो, चाक फिरवतो, मडकी घडवतो. रुक्मिणी सोबत येते आणि गरुड गाढव होतो. हात नसलेल्या माणसाच्या घरी आधी चूल पेटली पाहिजे, हे देवाला कळलं! बाकी सगळं पुढे, पंढरीला, नामदेवांच्या कीर्तनात, माणसांच्या गर्दीत. तिथे गोरोबांना हात परत आले आणि बाळ रांगत आईकडे आलं, असं कथा सांगते.

आपल्या घरांत गेलेलं मूल परत येत नाही. याच जिल्ह्यातल्या सास्तूरने आणि शेजारच्या किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते सोसलंय. भूकंपात हजारो माणसं गेली. नवी घरं मिळाली, पण छताखाली निजायची भीती कितीतरी जणांच्या मनातून लवकर गेली नाही.

१९९० च्या दशकात रिचर्ड तेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरच्या वाढीवर काम केलं. काही माणसं मोठ्या दुःखानंतर नात्यांना जास्त जपू लागतात, श्रद्धा खोल होते, आयुष्याची किंमत कळते. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. ही वाढ आघातामुळे होत नाही, आघाताशी झगडताना होते, आणि तीही सगळ्यांची होते असं नाही. वाढ झाली म्हणून नैराश्य गेलं, असंही नसतं. दोन्ही एकाच माणसात, एकाच दिवशी असू शकतात. म्हणून नाम घेऊनही ज्याला झोप लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्याची भक्ती कमी पडली असं कृपा करून कुणी म्हणू नका. डॉक्टरकडे जायला लाज कसली? सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

गोरोबांची दुसरी गोष्ट थापटण्याची. मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते तपासलं. नामदेव चिडले, कच्चे ठरले आणि विसोबा खेचरांकडे गेले. ही गोष्ट सांगताना आपण फक्त मार लक्षात ठेवतो. कुंभाराला कामावर बघा. बाहेरून थापटणं बसतं तेव्हा आत दुसऱ्या हाताचा आधार असतो. तो काढला तर मडकं तिथेच बसेल. कबीरांनी गुरूला कुंभार म्हटलं ते यासाठीच. नामदेवांनाही थापटण्यानंतर विसोबा भेटले.

गोरोबांनी १३१७ साली तेरलाच समाधी घेतली. चैत्र वद्य त्रयोदशीला तिथे यात्रा भरते. समाधीमंदिर नदीजवळ आहे आणि गावात त्यांचं घरही दाखवतात. गेलात तर तिथे संतीच्या नावानेही एकदा हात जोडा.