आरशाची परीक्षा घेणारे लेऑं फूको

चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, हा नेम आपण सारे पाळतो. पण विसर्जनानंतर कधी दुर्बिणीतून चंद्र पाहण्याचा योग आला, तर लेऑं फूको यांची आठवण अवश्य काढावी, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिस येथे झाला. प्रकृती नाजूक, म्हणून बरेचसे शिक्षण घरीच झाले. पुढे वैद्यकीचा अभ्यास आरंभला, पण रक्त पाहवेना, तो सोडला. हात मात्र कसबी होता. १८५१ मध्ये पांतेऑंच्या घुमटाखाली ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून त्यांनी पृथ्वीचे फिरणे लोकांना दाखवले. १८५५ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी दुर्बिणीचे आरसे धातूचे असत. जड आणि लवकर काळवंडणारे. फूकोंनी काच घासून तिच्यावर चांदीचा पातळ थर दिला. चांदी काळी पडली तरी थर बदलता येई, काचेचा घाट तसाच राही.

पण घाट बरोबर उतरला, हे कसे कळावे? येथे वस्तूच्या अंतराचा प्रश्न येतो. १ मीटर नाभीय अंतराचा आरसा घेऊ. ताऱ्याचे किरण आरशापासून १ मीटरवर जुळतात. वस्तू १०० मीटरवर असेल तर प्रतिमा सुमारे १ सेंटीमीटर पुढे पडते, १० मीटरवर असेल तर ११ सेंटीमीटर. वस्तू २ मीटरवर आणली की प्रतिमाही २ मीटरवर, वस्तूच्या शेजारीच! फूकोंनी हीच जागा हेरली. तेथे प्रकाशाचा बारीक ठिपका ठेवला आणि किरण जुळतात तेथे धारदार पाते सरकवले. आरशावरचे उंचवटे व खळगे सावलीसारखे उठून दिसले.

अडचण एकच उरली. २ मीटरवर निर्दोष ठरलेला गोलीय आरसा ताऱ्यासाठी निर्दोष नसतो. त्यास पॅराबोलाचा घाट लागतो. म्हणून ते प्रकाशाचा ठिपका टप्प्याटप्प्याने दूर नेत आणि प्रत्येक टप्प्याला काच हाताने घासून सुधारत. अशा रीतीने ८० सेंटीमीटर आरशाची दुर्बीण सिद्ध झाली. १८६४ मध्ये ती मार्सेयला गेली.

पुढे दुखण्याने गाठले. ज्या हातांवर आणि डोळ्यांवर सारे काम चाले, तेच निकामी होत गेले, वाचाही गेली. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते निवर्तले. आजही घरी आरसा घासणारी हौशी मंडळी साध्या दाढीच्या पात्याने हीच परीक्षा घेतात. आम्हांस तेच त्यांचे खरे स्मारक वाटते.