सुधाकरराव नाईक : माथ्यावरच्या शेतासाठी पाणी अडविणारा नेता

वाशीम जिल्हा हा नद्यांच्या उगमाचा प्रदेश. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे धावतात. पाऊस येथे पडतो. पण उतारावरून वाहिलेले पाणी खालच्या धरणांत साठते आणि माथ्यावरचे शेत कोरडवाहूच राहते. ही विसंगती ओळखून जलसंधारणाला शासनाच्या कारभारात मानाचे स्थान देणारे मुख्यमंत्री म्हणजे सुधाकरराव नाईक.

वाशीमला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी २१ ऑगस्ट १९३४ रोजी त्यांचा जन्म झाला. हरितक्रांतीचे प्रणेते वसंतराव नाईक हे त्यांचे काका. गहुलीचे सरपंचपद आणि यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद भूषवून ते विधानसभेत पोहोचले. गावपातळीवरील या अनुभवामुळे विहिरीचे आटणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ कागदावरची नोंद नव्हती.

जून १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. मोठी धरणे बांधूनही राज्याचे बहुतांश शेत पावसावरच अवलंबून राहणार, हे वास्तव त्यांनी स्वीकारले. निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली मृदसंधारणाची व लघुसिंचनाची कामे एका सूत्रात आणण्यासाठी १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण विभाग निर्माण झाला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल बांध, नालाबांध आणि पाझर तलाव बांधून धावते पाणी चालते करावे, चालते थांबवावे आणि थांबलेले जमिनीत जिरवावे, हे या कामामागचे शास्त्र होते. विदर्भाच्या काळ्या पाषाणात पाण्याचा साठा मुळातच मर्यादित असतो. म्हणून भूजलाचे पुनर्भरण येथे अधिकच निकडीचे ठरते. शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर विहिरीचे एखादे संरक्षित पाणीही पीक तारू शकते.

मुंबईतील दंगलींनंतर १९९३ च्या प्रारंभी त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते हिमाचल प्रदेशचे राज्यपाल झाले आणि १९९८ मध्ये तत्कालीन वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. योगायोग असा, की वसंतरावांच्या जयंतीदिनीच, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. १० मे २००१ रोजी सुधाकररावांचे निधन झाले. त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो.

पाणी अडविण्याचे व्रत त्यांनी राज्याला दिले. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग अजून अपुरा आहे. जिरलेले पाणी किती, उपसलेले किती आणि कोणत्या पिकाला दिलेले किती, याचा ताळेबंद गावाने मांडला नाही, तर बांध भरूनही उन्हाळ्यात विहीर रितीच राहते. हा हिशेब चोख ठेवणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.