विल्यम मॉरिस

घर शृंगारणें हा श्रीमंतांचा छंद, त्यांत उभें आयुष्य घालण्याजोगें काय आहे, असें पुष्कळांस वाटतें. ज्यानें तें घातलें त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

विल्यम मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजीं लंडनजवळील वॉल्थमस्टो येथें झाला. बाप सधन दलाल होता. पुढें तांब्याच्या खाणींतील भागांमुळें घरांत लक्ष्मी नांदूं लागली. १८५३ सालीं विल्यम ऑक्सफर्ड येथील एक्झिटर कॉलेजांत गेला तो पाळकाची दीक्षा घेण्याच्या इराद्यानें. एडवर्ड बर्न-जोन्स हा त्याच इराद्याचा सोबती त्यास तेथें भेटला. १८५५ च्या उन्हाळ्यांत दोघे फ्रान्सांतील जुनीं ख्रिस्तमंदिरें पाहावयास गेले, आणि बर्न-जोन्सनें चित्रकार व मॉरिसनें शिल्पशास्त्री व्हावें असें तेथेंच ठरवून बसले. विधवा आईस ह्या बातमीनें फार धक्का बसला. मुलगा धर्मसेवेस जाणार म्हणून मनांत मांडे खाणाऱ्या आईबापांस तें दुःख समजावून सांगावयास नको.

शिल्पशास्त्री स्ट्रीटच्या कचेरींतील उमेदवारीही मॉरिसनें वर्ष पुरें होण्यापूर्वींच सोडली. लंडनांत मित्रासह बिऱ्हाड थाटलें, तेव्हां बाजारांतील एकही खुर्ची त्याच्या मनास येईना. मग आपल्या आराखड्यांप्रमाणें त्यानें भरभक्कम सामान करविलें आणि मित्रांनीं त्यावर चित्रें रंगविलीं. १८५९ सालीं एका मोतद्दाराच्या मुलीशीं, जेन बर्डन हिच्याशीं, त्याचा विवाह झाला. फिलिप वेब या मित्रानें त्यांच्यासाठीं बांधलेलें लाल विटांचें घर सर्वांनीं मिळून सजविलें. जुना कशिदा उसवून त्याचे टांके मॉरिस स्वतः शिकला.

ह्या खटाटोपांतूनच १८६१ सालीं सात भागीदारांची कंपनी निघाली. प्रत्येकाचा एक पौंड आणि मॉरिसच्या आईनें उसने दिलेले शंभर पौंड, एवढेंच भांडवल! ती आई तीच, हें ध्यानांत घ्यावें. आरंभींचीं बरीचशीं कामें रंगीत कांचांच्या खिडक्यांचीं, आणि तींही ख्रिस्तमंदिरांसाठीं होतीं. १८६६ सालीं सेंट जेम्स राजवाड्यांतील दोन दालनांचें काम मिळालें, तेव्हां कंपनीचें नांव झालें. १८७५ पासून ती एकट्या मॉरिसची झाली.

परंतु खरी मेहनत रंगांची होती. बाजारी रंग भडक व उडणारे. म्हणून तो लीक गांवीं टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यांत जाऊन राहिला व नीळ, मंजिष्ठ यांचे प्रयोग करूं लागला. त्याचे हात निळे झालेले असत. आपल्या रंगाऱ्यांस हें ठाऊकच आहे कीं, निळीच्या पिंपांतून कापड निघतें तें हिरवट असतें आणि हवा लागली कीं निळें होतें. १८८१ सालीं मर्टन येथें नदीकांठीं त्यानें कारखाना हलविला. कापड सगळें निळें रंगवून मग ठशांनीं नको तेथली नीळ उडवावयाची व त्या जागीं तांबडा, पिवळा रंग भरावयाचा, असें तेथें चाले. बागेंतील स्ट्रॉबेऱ्या चोरणाऱ्या पक्ष्यांचें त्याचें १८८३ सालचें प्रसिद्ध कापड असेंच छापलेलें आहे.

त्याचा एक दोष झांकून ठेवणें बरें नव्हे. त्याच्या आरंभींच्या भिंतीच्या कागदांवरील हिरव्या रंगांत सोमल असे. ज्या खाणींतून घरीं पैसा आला, त्याच सोमलही काढीत, व १८७१ ते १८७५ तो त्यांचा एक संचालक होता. असल्या कागदांनीं माणसें आजारी पडतात, हें डॉक्टरांचें म्हणणें त्यास खरें वाटेना. पुढें कागद निर्विष झाले. मत बदललें नाहीं.

दुसरें शल्य मात्र त्यास स्वतःसच टोंचत होतें. हातानें केलेली वस्तु महाग. ती घेणार श्रीमंतच. मजुराच्या घरीं ती जाणार कशी? १८८३ सालीं तो समाजवादी झाला आणि रस्त्यांवर उभा राहून व्याख्यानें देऊं लागला. कारखाना चालूच होता व गिऱ्हाइकेंही तींच होतीं. ३ ऑक्टोबर १८९६ रोजीं तो वारला. केल्मस्कॉट गांवच्या दफनभूमीकडे त्याची शवपेटी फांद्यांनीं शृंगारलेल्या एका शेतगाडींतून नेण्यांत आली.