स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ - ४ सप्टेंबर, १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षक व भूशास्त्राचे अभ्यासक होते. नागपूर-वर्धा परिसरातील ट्रॅप खडकांचा आणि त्यांच्या थरांमध्ये दडलेल्या जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा सुरू केली. भूशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. अध्यापन व धर्मकार्य सांभाळून त्यांनी हा अभ्यास केला.

परिसरातील खडक

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचा बहुतांश भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. बेसाल्ट व गॅब्रो यांचे रासायनिक संघटन सारखेच असते. दोहोंत सिलिकेचे प्रमाण साधारणपणे ४५ ते ५२ टक्के असून प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन ही मुख्य खनिजे असतात. शिलारस भूपृष्ठाखाली खोलवर सावकाश थिजला म्हणजे भरड स्फटिकांचा गॅब्रो तयार होतो. तोच पृष्ठभागावर येऊन लवकर निवला म्हणजे सूक्ष्मकणी बेसाल्ट बनतो. लाव्ह्यातील वायूंमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट यांसारखी खनिजे साठतात. वर्धा जिल्ह्यातील गिरड येथील टेकडीवर झिओलाइटयुक्त गोटे आढळतात. शेख फरीद यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तेच हे गोटे, अशी लोकसमजूत आहे.

संशोधन

लाव्ह्यापासून बनलेल्या खडकात जीवाश्म सहसा आढळत नाहीत. तथापि नागपूरजवळील टाकळी येथे ट्रॅपच्या दोन थरांमधील गाळाच्या खडकात हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख आणि वनस्पतींची फळे व बिया यांचे जीवाश्म मिळाले. अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. लाव्हा एकसारखा वाहत नव्हता. दोन उद्रेकांमधील विरामात तळी साचत व त्यांत जीवसृष्टी नांदत असे, हे या थरांवरून कळते. या दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधात हे थर तृतीय कल्पातील मानले होते. आज दक्षिण ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या सुमाराचे मानले जातात. कालनिर्णय बदलला, तरी त्यांनी जमविलेल्या जीवाश्मांचे महत्त्व कायम राहिले.

मृत्यू व स्मृती

टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून बोरी येथे परतत असताना पुराने भरलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसास तेव्हा चारच दिवस उरले होते. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे त्यांचे अपुरे राहिलेले लेखन रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉपाइट या हिरव्या कॅल्साइटला १८५९ मध्येच त्यांचे नाव मिळाले होते. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३) त्यांच्याच नावाने ओळखले जाते.