नाताळचं गाणं गावाच्या चालीत : रेव्ह. ना. वा. टिळक

आजचं वाचन : लूक २:८-२०

नाताळची बातमी पहिल्यांदा कोणाला कळली हे आपल्याला पाठ आहे. रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. (चाकणला नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी हे वचन जरा जास्तच आपलं मानावं!) पण विसावं वचन आपण घाईत वाचतो. मेंढपाळ परत जाताना देवाचं स्तवन करत गेले. कुठल्या भाषेत, कुठल्या चालीत? त्यांच्या स्वतःच्याच असणार. ते गाणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडच्या शेतकरी मंडळ्यांना असं आपल्या चालीत गाता यावं म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. कवितेचं वेड आईकडून आलं. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. स्वभाव मात्र भयंकर अस्थिर. आज इथे, उद्या तिथे. नोकरी टिकेना, पैसा टिकेना. बायको लक्ष्मीबाईंची त्यात जी ओढाताण झाली ती त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'मध्ये हसतहसत लिहून ठेवली आहे. वाचलं नसेल तर या सुट्टीत वाचाच.

नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचायचं कबूल केलं म्हणून वाचायला घेतला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्या काळात याची किंमत काय होती, तर अख्खं घर. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या आणि नवरा-बायकोची काही वर्षं अशीच दूर गेली. पुढे त्या परत आल्या, जातपात त्यांनी स्वतःशी भांडून भांडून सोडली, आणि १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. नवऱ्याने ओढलं म्हणून नाही, स्वतःला पटलं तेव्हा.

टिळक अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. आजूबाजूच्या खेड्यांतले बहुतेक विश्वासणारे महार-मांग समाजातले. दुसऱ्याच्या रानात राबणारे, हातावर पोट असणारे. दिवसभर शेतात, रात्री प्रार्थनेला. आणि उपासनेत काय गायचं? बरीचशी गीतं म्हणजे विलायती चाल, तिच्यावर बसवलेले मराठी शब्द. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: शब्द बदलले म्हणून लोकलायझेशन होत नाही. ज्यांचे कान ओवी, अभंग आणि जात्यावरच्या गाण्यांवर तयार झाले, त्यांची जीभ त्या चालींत अडखळणारच. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू केलं होतं. टिळकांनी अभंग, ओव्या, पदं यांची रासच ओतली. टाळ, मृदंग, पेटी घेऊन गाता येतील अशी. आजही मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात सगळ्यात ठळक नाव त्यांचंच आहे.

टिळक सांगत, की तुकोबांच्या पुलावरूनच ते ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचले. चिंचवडहून चाकणला जाताना देहू डाव्या हाताला किती जवळ राहतं ते बघा! इंद्रायणी ओलांडताना मला हा पूल हमखास आठवतो.

नगरच्या खेड्यांत डिसेंबरात रानात ज्वारी-हरभरा उभा असतो, ऊसतोड जोरात असते, आणि त्यातूनच नाताळ येतो. दारावर तारा, घरात करंज्या-लाडू-चकल्या, रात्री ढोलकी आणि भजन. पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची मुळं याच गावांत आहेत. पण आपल्या युवक संघाच्या कार्यक्रमात गिटार, की-बोर्ड आणि बहुतेक इंग्रजी गाणी. मला ती आवडतात, मी वाजवतोही. फक्त राहुरी-नेवाशाहून आलेली आजी पहिल्या रांगेत गप्प बसून राहते, आणि टिळकांचं एखादं पद लागलं की पुस्तक न उघडता सगळी कडवी म्हणते. मला वाटतं, यंदाच्या यादीत निम्मी गाणी तरी तिच्यासाठी असावीत. चाली आत्ताच रेकॉर्ड करून ठेवल्या नाहीत तर दहा वर्षांनी त्या शिकवायला कोणी उरणार नाही.

टिळक शेवटपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करू लागले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळेच त्यात यावेत असं त्यांना वाटे. मिशनमधल्या अनेकांना हे पचलं नाही. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले.

येशूचं चरित्र ओव्यांमध्ये सांगणारं 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या थोड्याच अध्यायांवर थांबलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या या बाईने म्हातारपणी साठाहून जास्त अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. उरलेलं काम मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याने पुरं केलं आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला.