अफूची कमाई आणि दानाची कीर्ती

करमाळा : करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या रुग्णाचे दुखणे सोलापुरात किंवा पुण्यात आटोक्यात आले नाही, की नातेवाईक त्याला मुंबईला 'जेजे'त नेण्याचा विचार करतात. ही दोन अक्षरे ज्यांच्या नावाची आहेत ते सर जमशेटजी जीजीभॉय दानशूर म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या दानामागचा पैसा कोठून आला, याची चर्चा मात्र शालेय पुस्तकांत किंवा पुण्यतिथीच्या लेखांत फारशी होत नाही.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. कुटुंब नवसारीकडचे, पारशी आणि अत्यंत गरीब. वयाच्या सोळाव्या वर्षी, १७९९ मध्ये, आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. शिक्षण जेमतेम, इंग्रजी मोडकेतोडके. मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार होता, तेथे हा मुलगा कामाला लागला आणि पुढे बराच काळ 'बाटलीवाला' याच नावाने ओळखला गेला. मामांची कन्या अवाबाई हिच्याशी १८०३ मध्ये त्यांचा विवाह झाला.

बाटल्यांच्या दुकानात त्यांचे मन फार दिवस रमले नाही. १७९९ मध्येच ते एका नातलगाबरोबर चीनला जाऊन आले. त्या वेळी त्यांच्याजवळ १२० रुपयांची पुंजी होती असे सांगितले जाते. पुढे कर्ज काढून त्यांनी स्वतःचा माल नेण्यास सुरुवात केली. एकूण पाच वेळा त्यांनी चीनची सफर केली. त्यांपैकी चौथी सफर त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. १८०५ मध्ये ते 'ब्रन्सविक' जहाजावर असताना सिलोनजवळ फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला नेण्यात आले आणि जमशेटजींचा माल गेला. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. त्याने पुढे डॉक्टरकी सोडली आणि कॅंटन येथे 'जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी' या पेढीचा भागीदार म्हणून नाव मिळवले. संकटात जुळलेला हा परिचय पुढे कोट्यवधींच्या उलाढालीचा पाया झाला.

१८०७ च्या अखेरच्या सफरीनंतर जमशेटजी मुंबईतच स्थिरावले. युरोपातील युद्धांमुळे कापसाला तेजी होती, तिचा लाभ त्यांनी घेतला. मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रॉजर द फारिया हे गोव्याचे ख्रिश्चन त्यांचे सहकारी होते. जातिधर्माच्या भिंती ओलांडणारी ही भागीदारी त्या काळी कौतुकाचीच म्हटली पाहिजे. मात्र या मंडळींना एकत्र बांधणाऱ्या मालांत कापसाच्या जोडीला अफू होती.

ही अफू मुख्यतः माळव्याची. होळकर आणि शिंदे यांच्या मुलुखात ती पिके, आणि त्या संस्थानांच्या तिजोरीलाही तिचा मोठा आधार होता. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळवा मात्र तिच्या मुठीबाहेर. कंपनीने वाटा अडवल्या तेव्हा माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून बाहेर पडू लागला. अखेर १८३१ च्या सुमारास कंपनीने परवाने देऊन, त्यावर जकात घेऊन, मुंबई बंदर या मालाला खुले केले. चीनमध्ये अफूच्या विक्रीवर १७२९ पासून बंदी होती, आणि पुढे ती अधिकाधिक कडक होत गेली. त्यामुळे पेट्या थेट बंदरात उतरत नसत. मोती नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ उभ्या जहाजांवर त्या ठेवल्या जात. तेथून चिनी तस्करांच्या वेगवान होड्या त्या किनाऱ्याला नेत आणि मोबदला चांदीत मिळे. त्याच चांदीवर इंग्लंडच्या चहाची खरेदी चाले. म्हणजे भारतात हा व्यापार कायदेशीर होता आणि चीनच्या किनाऱ्यावर तीच चोरटी आयात होती. ही सीमारेषा व्यापाऱ्यांना पुरेपूर माहीत होती.

जार्डिनच्या पेढीकडे मुंबईहून माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते. त्यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन आहेत. त्यांत भाव, हुंड्या, जहाजांच्या वेळा यांचीच चर्चा प्रामुख्याने आढळते. अफू हा त्यांच्या दृष्टीने कापसासारखाच एक जिन्नस होता. तो ओढणाऱ्या चिनी माणसाचे काय होते, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. त्यांनी कुणाला फसवले असे म्हणता येत नाही. व्यवहारातील सचोटीबद्दल तर त्यांची ख्याती होती. तडजोड होती ती याच ठिकाणी, सचोटीची हद्द स्वतःच्या पेढीपुरती आखून घेण्यात.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. या व्यापारात धोका मुंबईकराचा आणि दलाली कॅंटनच्या पेढीची, अशी रचना होती. भाव कोसळला तरी जार्डिनची दलाली सुटत नसे. जमशेटजी धनिक झाले, पण गोऱ्या पेढीच्या बरोबरीचे झाले नाहीत.

१८३९ मध्ये चीनच्या बादशहाचे आयुक्त लिन झेशू यांनी कॅंटनमध्ये २०,००० हून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. मुंबईत हाहाकार उडाला. भरपाई द्या म्हणून येथील व्यापाऱ्यांनी इंग्लंडच्या सरकारकडे धाव घेतली, त्यात जमशेटजीही होते. युद्ध पेटले. ब्रिटिश संसदेत ग्लॅडस्टनसारख्यांनी या युद्धाला अन्याय्य म्हणून विरोध केला आणि एप्रिल १८४० मध्ये सरकार अवघ्या ९ मतांनी वाचले. म्हणजे त्या काळी असा विचार कुणालाच सुचत नव्हता, हा बचाव टिकत नाही. ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि नष्ट झालेल्या अफूपोटी ६० लाख डॉलर चीनच्या माथी बसले.

त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

दानधर्म मात्र किताबासाठी सुरू झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८२२ मध्येच त्यांनी मुंबईच्या तुरुंगातील गरीब कर्जदारांची देणी फेडून त्यांना सोडवले होते. सरकारने गुरे चारण्यावर शुल्क बसवले तेव्हा ठाकूरद्वाराजवळ जमीन घेऊन त्यांनी ती मोफत चराईसाठी खुली केली. चर्नी रोड हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत, तेथील रस्त्यासाठी अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पथकर घ्यायचा नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. रुग्णालयाचा पाया १८४३ च्या जानेवारीत घातला गेला आणि १८४५ मध्ये ते सुरू झाले. शेजारी त्याच वर्षी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुण्यात मुळा-मुठेवरील बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या खर्चातही त्यांचा मोठा वाटा होता. या नदीचे पाणी पुढे भीमेतून उजनीच्या, म्हणजे करमाळा तालुक्याला लागून असलेल्या जलाशयात येते. कला शाळा १८५७ ची.

नफ्याचा भार चिनी घरांनी सोसला आणि सुख मुंबई-पुण्याच्या गरिबांना लाभले. या दोन बाजूंची वजाबाकी करण्याचा मोह टाळलेला बरा. कॅंटनच्या कुटुंबाचे नुकसान मुंबईतल्या खाटेने भरून निघत नाही, आणि ती खाट खोटीही ठरत नाही.

१८४० च्या दशकात जार्डिनच्या पेढीशी असलेले संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि त्यांचा चीनशी व्यापारही ओसरत गेला. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. हाही मान भारतीयांत पहिलाच. १८५८ मध्ये, दुसऱ्या युद्धाच्या दडपणाखाली, चीनने अफूची आयात कायदेशीर केली. जमशेटजी १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत निवर्तले. थोरले पुत्र कर्सेटजी यांच्याकडे पदवी गेली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने या पदवीच्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे, असे ठरले.